अनंत दर उन्हाळ्यात पिवळा पडतो? खत घालण्याआधी हे बघा

पावसाळ्यात हिरवागार. दिवाळीनंतर जरा फिकट. फेब्रुवारीत शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी, मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या कडा करपलेल्या, मेमध्ये कळ्या उमलायच्या आधीच गळून आळ्यात पडलेल्या. मग जूनचे चार पाऊस झाले की झाड पुन्हा सावरतं, नवी हिरवी पालवी येते, आणि आपल्याला वाटतं, चला, सुटलं एकदाचं. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच.

तुमच्या अनंताचं (गार्डेनियाच्या झाडाचं) वर्ष असं जात असेल, तर रोगाचं निदान या वेळापत्रकातच दडलेलं आहे. माझ्या झाडाच्या बाबतीत ते ओळखायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत झाडाला जे जे घातलं, त्यातलं निम्मं त्याला अपायकारक होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझं झाड राजापूरजवळच्या माझ्या माहेरून पुण्यात आलं. आईने परसातल्या झाडाची गुटी बांधून दिली होती. जांभ्या मातीचा गोळा गोणपाटात बांधून, एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं रोप. कंपाउंडच्या भिंतीलगत लावलं. पहिली दोन वर्षं उत्तम गेली, दुसऱ्या जूनमध्ये नऊ फुलं आली. तिसऱ्या हिवाळ्यापासून पिवळेपणा सुरू झाला. मी शेणखत घातलं, मग डीएपी हे रासायनिक खत, मग बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून अंड्यांच्या टरफलांची पूड घातली, कुणी सांगितलं म्हणून एप्सम सॉल्ट. पाणी वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. दर पावसाळ्यात ते थोडं सुधारायचं आणि त्याचं श्रेय मी शेवटी घातलेल्या खताला द्यायचे.

२०२१ च्या फेब्रुवारीत नणंदेचे यजमान आले होते. फलटणकडचे, घरचा ऊस. चहाचा कप हातात घेऊन झाडापाशी उभे राहिले, शेंड्याचं एक पान उन्हाकडे धरलं आणि म्हणाले, "वहिनी, हा तर केवडा पडलाय. आमच्या उसावर पडतो तसाच. याला खत नको, पाणी कुठलं घालता ते सांगा."

ऊसवाले 'केवडा' म्हणतात ते बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेला. चुनखडीच्या रानात उसाची पानं केवड्याच्या पातीसारखी फिकट पिवळी-पांढरी होतात, त्यावरून हे नाव. आमच्या घरी तेव्हा नळाला धरणाचं पाणी दिवसातून एकदा यायचं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. बागेला बोअरचं. आणि बोअरचं पाणी म्हणजे बादलीच्या आत पांढरी कड धरणारं, गिझरची कॉइल वर्षाला खाणारं.

आता वेळापत्रक पुन्हा बघा. पावसाळ्यात झाडाला पावसाचं पाणी मिळतं, ते हिरवं होतं. पाऊस थांबला की बोअरचं पाणी सुरू, आणि तीन-चार महिन्यांत पिवळं. ऋतू बदलतो तसं झाडाचं पाणीही बदलतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आधी पान वाचा

कुठलंही फुलझाड पिवळं पडलं की पहिला प्रश्न एकच: कुठली पानं पिवळी? जुनी की नवी?

लोह झाडात एकदा पानात गेलं की तिथून सहसा हलत नाही. मुळांकडून नवीन पुरवठा थांबला की फटका बसतो तो नव्या, शेंड्याच्या पानांना. खालची जुनी पानं गडद हिरवी आणि वरची कोवळी पिवळी, अशी उलटी दिसणारी तऱ्हा असते. पानाचा मधला भाग पिवळा आणि शिरा मात्र हिरव्या, अगदी बारीक जाळीसुद्धा हिरव्या रेघांनी काढल्यासारखी. दुखणं वाढलं की शिराही फिकटतात, पान जवळजवळ पांढरं होतं आणि कडेने तपकिरी करपतं.

नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम यांचं उलट. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, त्यामुळे खालची पानं आधी पिवळी होतात. नत्र कमी असेल तर पान सरसकट फिकट होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर पिवळेपणा कडेकडून आत सरकतो आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते या दुसऱ्या दुखण्याचं औषध आहे, पहिल्याचं नाही. पान पिवळं दिसलं की एप्सम सॉल्ट सुचवायची जी पद्धत पडली आहे, तिने अनंताचं काही भलं होत नाही.

तिसरी तऱ्हा: सगळं झाडच मलूल, माती ओली असूनही पानं सुकल्यासारखी लोंबलेली, वरची-खालची कुठलीही पिवळी होऊन गळतात. हे मुळं कुजण्याचं लक्षण. याला लोह देऊन उपयोग नाही, निचरा सुधारायला हवा.

आणि एक साधी गोष्ट, जिच्यामुळे उगाच घाबरायला होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी फुटताना आतली चार-सहा जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन गळतात. अनंत सदाहरित आहे, पण त्याचंही पान कधीतरी म्हातारं होतंच. शेंडे हिरवे असतील तर काही करू नका.

अनंतालाच हे का होतं?

शेजारी लावलेली जास्वंद त्याच पाण्यावर बऱ्यापैकी तग धरते, कण्हेर तर ढिम्म हलत नाही, आणि अनंत मात्र कोमेजतो. कारण तो मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपानच्या भागातला, आम्लधर्मी मातीत वाढलेला. कॉफीच्या कुळातला. आपला कदंब आणि लहान बाळांच्या हिरड्यांना लावतात त्या डिकेमालीचं झाडही याच कुळातली. डिकेमाली तर अनंताची सख्खी भावंडं म्हणावी इतकी जवळची आहे आणि ती आपल्याकडच्या रानात छान वाढते. पण बागेतल्या अनंताला मातीचा सामू, म्हणजे पीएच, ५ ते ६.५ लागतो (सातच्या खाली आम्लधर्मी, सातच्या वर अल्कधर्मी). कोकणात जांभ्या मातीचा सामू सहज इतका असतो, शिवाय पाऊस भरपूर. म्हणून तिथे विहिरीच्या कडेला कुणी बघितलं नाही तरी अनंत फुलतो.

देशावर काळी माती, सामू ७.५ ते ८.५, खाली चुनखडी. ही माती बेसॉल्टपासून बनलेली, तिच्यात लोहाची वानवा नाही. पण सामू सातच्या वर गेला की ते लोह पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळाला घेता येत नाही. वर बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट रोज थोडं थोडं मातीत भर घालत राहतात. ताटात भरपूर वाढलेलं आहे पण हात बांधलेले, अशी झाडाची गत होते.

यात डीएपी किंवा बोनमील घातलं तर आणखी बिघडतं. दोन्हींत स्फुरद (फॉस्फरस) असतं, आणि ते जास्त झालं की लोह घ्यायला झाडाला आणखी अडचण होते. बोनमीलमध्ये स्फुरदाबरोबर कॅल्शियमही आलं. अंड्याची टरफलं म्हणजे जवळजवळ शुद्ध चुनाच. चुलीची राख तशीच, अल्कधर्मी. मी चार वर्षं नेमकं हेच घालत होते.

घरी करता येतील अशा तपासण्या

मी ज्या क्रमाने केल्या त्याच क्रमाने सांगते. पहिली सगळ्यात खात्रीची वाटली.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कृषी सेवा केंद्रात किलोच्या पुडीत मिळतं. ताजं असलं की फिकट हिरवं असतं, गंजल्यासारखं तपकिरी झालेलं घेऊ नका. अर्धा ग्रॅम हिराकस आणि किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्वाचे चार-पाच दाणे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचे. कापूस गुंडाळलेल्या काडीने शेंड्याच्या एकाच पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर, मधल्या शिरेच्या एका बाजूला, खालून-वरून हलकेच लावायचं. दुसरी बाजू कोरडी ठेवायची. देठाला दोरा बांधून ठेवायचा, म्हणजे पान विसरत नाही. संध्याकाळी लावा, उन्हात नको.

मी लावलं तो शनिवार होता. बुधवारपर्यंत काही दिसेना. शुक्रवारी सकाळी पान पाठीमागून उजेड येईल असं धरलं, तर लावलेल्या बाजूला हिरवे ठिपके उठले होते, कागदावर शाईचे थेंब पसरावेत तसे, शिरांपासून बाहेर सरकणारे. दहाव्या दिवशी अर्धं पान हिरवट आणि अर्धं तसंच लिंबाच्या सालीच्या रंगाचं. मधली शीर म्हणजे दोन गावांची शीव असावी, इतका स्पष्ट फरक. मग शंकेला जागाच उरली नाही. पान पंधरा दिवसांत काहीच हिरवं झालं नाही, तर तुमचं दुखणं लोहाचं नाही, पुढचा खर्च वाचला.

दुसरी तपासणी मातीची. आळ्यातली मूठभर माती उन्हात वाळवा, बशीत घ्या, वर चमचाभर व्हिनेगर ओता. फसफसून बुडबुडे आले तर मातीत मोकळा चुना आहे. ही तपासणी फक्त वरच्या मातीची करू नका. मी वरची माती घेतली तेव्हा अगदी बारीक बुडबुडे आले. मग खुरप्याने झाडापासून हातभर अंतरावर फूटभर खोल उकरलं आणि खालून निघाला राडारोडा. विटांचे तुकडे, गिलाव्याच्या खपल्या, सिमेंटचे गोळे. घर बांधताना ठेकेदाराच्या माणसांनी भिंतीलगत पुरून वर चार इंच माती पसरली होती. त्यावर व्हिनेगर टाकल्यावर सोड्यासारखं उसळलं. पहिली दोन वर्षं झाड का चाललं तेही तेव्हाच कळलं. मुळं आईने दिलेल्या तांबड्या मातीच्या गोळ्यात होती, तिसऱ्या वर्षी ती बाहेर पडली आणि सिमेंटात शिरली.

भिंतीलगतच्या जागेवर म्हणूनच भरवसा ठेवू नका. भिंतीचा चुना पावसाच्या पाण्याबरोबर पायथ्याशी उतरतच असतो. सिमेंटच्या नव्या कुंडीचंही तेच. कुंडीत शोभेसाठी पांढरे संगमरवरी खडे पसरले असतील तर काढून टाका, संगमरवर म्हणजे चुनखडकच.

पाणी तपासायला सामूच्या कागदी पट्ट्या पुरतात. आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास आला. पट्टी नसेल तर पाणी उकळून आटवलेल्या भांड्याचा तळ बघा, पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे. आणखी एक पाणी आजकाल बऱ्याच घरांतून झाडांना जातं: आरओच्या नळीतून बाहेर पडणारं. पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण ते बादलीत धरतो, हेतू चांगला आहे, पण पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. लादी पुसायला, संडासात ओतायला ते उत्तम. अनंताला अजिबात नको.

मातीचा नेमका सामू हवा असेल तर जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या आणि सामू, क्षारता आणि मुक्त चुना या तिन्हींचा आकडा मागा. कुंडीतल्या एका झाडासाठी मी एवढं करणार नाही. बागच लावायची असेल तर जरूर करा.

शेवटी मुळं. कुंडीतलं झाड असेल तर गोळा अलगद बाहेर काढून बघा. पांढरी मुळी, म्हणजे टोकाची ताजी, कोवळी मुळं दिसली तर झाडात जीव आहे. मुळं तपकिरी, बोटांनी ओढली की साल निसटून आत दोरा उरतो, आंबूस वास येतो, असं असेल तर कूज. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे मातीतले अतिसूक्ष्म कृमी. अनंत सूत्रकृमीला फार लवकर बळी पडतो, आणि सूत्रकृमी लागलेल्या झाडाची पानंही अशीच पिवळी दिसतात. गाठी खूप असतील तर त्या मातीत त्या झाडावर कष्ट न करता निरोगी फांदीची छाटकलमं करून नव्या मातीत नवं झाड वाढवणं बरं.

रोपवाटिकेतून नुकतंच आणलेलं रोप असेल तर अजून एक बघा. पुष्कळ रोपं घट्ट चिकणमातीच्या गोळ्यात येतात. हा गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो, वरून घातलेलं पाणी बाजूने वाहून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. लावण्यापूर्वी गोळा बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा आणि बाहेरची माती बोटांनी सैल करा.

लगेचचा उपाय

निदान झालं फेब्रुवारीत आणि झाड हलवायला पावसाळ्यापर्यंत थांबायचं होतं. मधले चार महिने निभावायला काही गोष्टी केल्या.

सगळी खतं बंद. एकदम सगळी.

हिराकसाची फवारणी, लिटरला ३ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्व, दर पंधरा दिवसांनी, ऊन उतरल्यावर. हिराकसाचे तांबडे डाग फरशीवर आणि भिंतीवर पडतात आणि निघत नाहीत, खाली जुनी चादर पसरा. फवारणीने आहेत ती पानं हिरवी होतात, पण त्यानंतर फुटलेलं पान पुन्हा पिवळंच येतं. त्यामुळे ही फक्त मलमपट्टी आहे.

आणि पाणी आम्लवून घालणं. दहा लिटर बोअरच्या पाण्याला साधारण ३ ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे चहाचा पाऊण चमचा सपाट, ढवळून पट्टीने तपासायचं आणि सामू ६ ते ६.५ च्या दरम्यान आणायचा. तुमच्या पाण्याला कमी-जास्त लागेल, म्हणून पट्टी हवीच. अंदाजाने मूठ टाकली तर मुळं भाजतील. पाणी रोजच्या रोज करा, साठवू नका.

हिराकस मातीत घालावं का, असं बरेच जण विचारतात. चुनखडीच्या मातीत ते काही दिवसांतच घट्ट होऊन बसतं, पैसे वाया. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत घट्ट न होता विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, द्यावं लागतं, आणि तिथेही पुडीवरची अक्षरं वाचा. सगळीकडे सहज मिळतं ते ईडीटीए. ते पिकांवर फवारायला ठीक आहे, पण सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही. आपल्याला हवं ते ईडीडीएचए. महाग असतं, गडद तांबडं-तपकिरी असतं, पाण्यात टाकलं की डाळिंबाच्या रसासारखा रंग येतो. सामू नऊपर्यंत ते टिकतं. मी ५ ग्रॅम दहा लिटर पाण्यात कालवून संध्याकाळी आळ्यात दिलं, महिन्याच्या अंतराने, एकूण दोनदाच. उजेडात ते लवकर खराब होतं, म्हणून घालून झालं की वर पालापाचोळा पसरायचा.

पिवळ्या फांद्या छाटायचा मोह आवरा. पान पिवळं असलं तरी थोडंफार अन्न तयार करतंच, आणि आजारी झाडाला तेवढाही आधार लागतो. फांदी मेली आहे की नाही कळत नसेल तर नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ठेवा, तपकिरी कोरडं असेल तर काढा.

उन्हाचंही बघा. पिवळ्या पानाला दुपारचं ऊन सोसत नाही, मार्चमध्ये करपलेल्या कडा बहुतेक त्याच असतात. पश्चिमेला जुनी सुती साडी किंवा हिरवी जाळी बांधली तरी पुरतं. सकाळचं चार-पाच तास ऊन मात्र हवंच.

कायमचा उपाय

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ढगाळ दिवस बघून, झाड हलवलं. जमिनीत खड्डा करून तांबडी माती भरणं मी टाळलं, कारण आजूबाजूची चुनखडी वर्ष-दोन वर्षांत त्यात झिरपते. त्याऐवजी भिंतीपासून चार फूट लांब, जमिनीच्या वर दीड फूट उंचीचा वाफा केला. विटा सिमेंट न लावता नुसत्या रचल्या. त्यात दोन घमेली कोकणातली तांबडी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, एक घमेलं धुतलेलं कोकोपीट आणि दोन मुठी भाताचं तूस, असं प्रमाण धरून वाफा भरला. मुळांना चिकटलेले गिलाव्याचे तुकडे एकेक करून काढले. खोड पूर्वी होतं त्यापेक्षा खोल पुरलं नाही, उलट बोटभर उंचच ठेवलं. खोडाचा बुंधा मातीत गाडला गेला तर अनंत हळूहळू मरतो.

जागा नसेल तर चौदा इंचांची मातीची किंवा प्लास्टिकची कुंडी, हेच मिश्रण, तळाला मोकळी भोकं. मला विचाराल तर देशावर अनंत कुंडीतच लावावा. माती आपल्या हातात राहते.

गंधकाची पूड थोडी घालता येते, कुंडीला एक चमचा, दोन-तीन महिन्यांतून एकदा, मातीत मिसळून. मातीतले जिवाणू तिचं आम्ल करतात, त्याला ओल, ऊब आणि कित्येक आठवडे लागतात. ज्या मातीत व्हिनेगर फसफसतं तिथे मात्र गंधकाने काही साधत नाही, सगळं आम्ल चुनाच खाऊन टाकतो.

पाण्याची सोय सगळ्यात महत्त्वाची ठरली. पागोळीखाली २०० लिटरची दोन पिंपं लावली, डासांसाठी तोंडाला घट्ट बारीक जाळी बांधली. एकट्या अनंताला दिवसाआड चार लिटर म्हटलं तर हे पाणी मार्चअखेर निभावतं. तोवर एसी सुरू होतो आणि त्याच्या नळीखाली रात्रभरात पाच-सहा लिटर पाणी जमतं. ते क्षारविरहित, अनंतासाठी अगदी योग्य. ज्या दिवशी दोन्ही नसेल त्या दिवशी लिंबूसत्व.

खत आता फक्त पालापाचोळ्याचं, आणि पावसाळ्यात दोनदा थोडंसं अमोनियम सल्फेट, कुंडीला अर्धा चमचा ओल्या मातीत. त्यातून नत्रही मिळतं आणि माती आम्लधर्मी राहायला मदत होते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्याकडे अनंत पिवळा पडला तर वरचे उपाय करू नका. तिथे बहुधा पावसाने नत्र आणि मॅग्नेशियम धुऊन जातं, किंवा मुळाशी पाणी तुंबतं. पावसाळ्यात निचरा करून द्या, पाऊस ओसरल्यावर शेणखत घाला, खालची पानं पिवळी असतील तर एप्सम सॉल्टची एखादी फवारणी चालेल.

पानं हिरवी, पण कळ्या गळतात

हे वेगळं दुखणं, आणि पहिलं बरं झाल्यावर हे दिसायला लागतं. अनंताच्या कळ्या थंड रात्री धरतात आणि कोरड्या हवेत गळतात. देशावर हिवाळ्याच्या रात्री छान गार, म्हणून फेब्रुवारीत कळ्या भरपूर दिसतात. एप्रिल-मेची कोरडी गरम हवा आली की त्या पिवळ्या पडून टपटप गळतात. या काळात पाण्यात खंड पडू देऊ नका. एक दिवस कोरडं ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी आळं तुडुंब, असं झालं की हमखास गळ होते. आजूबाजूला चार कुंड्या दाटीने ठेवा, खाली जाड आच्छादन करा. कळ्या असलेली कुंडी एका गच्चीतून दुसऱ्या गच्चीत हलवू नका.

तरी गळतात? मग गळलेली कळी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, सुतासारखे फुलकिडे पळताना दिसतील. देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, पानांवर काळी काजळी आणि मुंग्यांची ये-जा असेल तर मावा किंवा पांढरी माशी. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलिलिटर, त्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं, आठवड्याच्या अंतराने तीनदा. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर ओल्या फडक्याने पुसून काढणं सगळ्यात जलद.

छाटणी करायची ती फुलांचा बहर संपल्या संपल्या, ऑगस्टपर्यंत. दिवाळीनंतर कात्री लावली तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात.

किती दिवस लागतात

पांढरी पडलेली, कडा करपलेली पानं हिरवी होत नाहीत, ती सोडून द्या. नव्या पालवीकडे लक्ष ठेवा. माझ्या झाडाची नवी पानं हलवल्यानंतर साधारण सात आठवड्यांनी निखळ हिरवी फुटली. २०२२ च्या मार्चमध्ये दोनच शेंडे किंचित फिकटले, जूनमध्ये चौदा फुलं आली. २०२३ मध्ये मोजायचं सोडून दिलं, सकाळी दार उघडलं की वास थेट देवघरापर्यंत यायचा.

त्याच पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा इंचांच्या फांद्यांची पाच छाटकलमं केली, खालची पानं काढून, वर दोनच पानं ठेवून, ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत. तीन जगली. एक भाऊजींबरोबर फलटणला गेलं. त्यांनी ते अंगणात, रांजणात लावलंय, जमिनीत नाही, आणि त्याला ते फक्त पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी घालतात.